शोलाकिळी दिसू नये म्हणून

मुन्नारच्या सहलीला निघालेल्या सगळ्यांना शोलाकिळी दिसायला हवी होती. एकट्या माया गजभियेला ती दिसायला नको होती. आणि सहल निघाली होती ती, म्हणे, मायाच्याच हट्टापायी.

शोलाकिळी म्हणजे चिमणीहून जरा मोठा, गडद निळा, पोटाला पांढरा पक्षी. तिकडच्या डोंगरांवर दोन टेकड्यांच्या घळीत बुटकं, दाट, सदा ओलं असं जंगल असतं, त्याला शोला म्हणतात. त्या शोलाच्या जमिनीवर ही टुणटुणते आणि जगात दुसरीकडे कुठेही नसते. अशा पक्ष्यांना पुस्तकात 'प्रदेशनिष्ठ' म्हणतात. मायाने हा शब्द घरी समजावून सांगितला तेव्हा तिचे यजमान संघपाल म्हणाले होते, "म्हणजे माह्या आईसारखं. कुही गाव सोडून कुठं गेली नाही ते."

संघपालांची सगळी नोकरी नागपुरात, कळमन्याच्या मार्केट यार्डात गेली. धान्याच्या लिलावात बोली पुकारायची, ती तुरीच्या ढिगाच्या पलीकडे उभ्या असलेल्या व्यापाऱ्याला ऐकू गेली पाहिजे. त्यामुळे घरात ते मीठ मागत तेव्हा शेजारचे आपलं मीठ घेऊन दारात यायचे, असं माया म्हणायची. निवृत्त झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांना एक शोध लागला. सकाळी बायको घरी नसते.

ती असायची अंबाझरी तलावावर. लेक प्रीती लग्न होऊन पुण्याला गेली आणि मायाला डॉक्टरने चालायला सांगितलं. चालता चालता ती थांबायला लागली. आधी हा कोण, तो कोण असं मनाशीच विचारायची. मग रद्दीवाल्याकडून एक पुस्तक आणलं, मग मोबाइलवर आवाज ऐकायला शिकली. कुणी शिकवलं नाही, म्हणून जे आलं ते पक्कं आलं. पुढे एक पक्षीमित्र मंडळ भेटलं. त्यात सगळ्यांच्या गळ्यात महागाच्या दुर्बिणी होत्या आणि हिच्या गळ्यात जावयाने दिलेली जुनी, तरी वर्षभरात लोक हिलाच विचारायला लागले. मंडळात एक नियमही हिचाच चालायचा. डोळा दिसला तर पक्षी दिसला. उडती शेपटी, हलतं पान, कुणाला काय वाटलं, हे धरायचं नाही. या नियमापायी तिने मंडळाचे प्रमुख डॉक्टर सौरव, हे दातांचे डॉक्टर, यांचा एक गरुड सगळ्यांसमोर खोडून काढला होता. डॉक्टर दोन महिने तिच्याशी मोजकंच बोलले.

सकाळचे ते दोन तास मायाचे होते. त्या वेळात तिला कुणी हाक मारत नसे. पाणकावळ्याला तिच्याकडून काही नको असे. थर्मासात चहा भरून ठेवायचा, दार ओढून घ्यायचं, आणि उजेड फुटता फुटता पाण्याकाठी उभं राहायचं. एवढंच. पण हे एवढंच तिला पन्नाशी ओलांडल्यावर मिळालं होतं, आणि तो थर्मास संघपालांना दिवसेंदिवस खुपत चालला होता.

एका दुपारी ती मेथी निवडत होती.

"किती पाहशील वं पक्षी?" संघपालांनी विषय काढला. "काही संपत-बिंपत असतील ना?"

"नाही संपत."

"एखादा तं असंल ना, का तो पाह्यला म्हणजे झालं? आता काही बाकी नाही?"

मेथी निवडणाऱ्या माणसाला असं काही विचारू नये. तो खरं बोलून जातो. "शोलाकिळी," माया म्हणाली. "ती एकदा पाहिली की डोळे मिटायले मोकळी."

"डोळे नको मिटू. ती पाह्यली का सकाळची घरी राहत जाय."

तिने हसून मान हलवली, ती मेथीतल्या अळीकडे बघून. संघपालांनी मात्र तिथल्या तिथे पुण्याला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि लेकीला साक्षीला ठेवून करार पक्का केला. सासऱ्यांनी छप्पन साली दीक्षाभूमीवर बावीस प्रतिज्ञा घेतल्यापासून या घरात कुणी नवस बोललं नव्हतं. हा करार मात्र नवसासारखाच पाळायचा ठरला. मग संघपालांनी मंडळाला गाठून मायाच्या नावावर मुन्नारची सहल ठरवून घेतली आणि प्रीतीने कौतुकाने तिकिटं काढून दिली, दोघांची. "बाबा पण जातील, आई. त्यांना पण बरं वाटेल."

बाबांना फार बरं वाटलं. आणि वाईट इतकंच, की मायाला ती शोलाकिळी खरोखर पाहायची होती. इतर कुणाहीपेक्षा जास्त.

रेल्वेनं एर्नाकुलम, तिथून टेम्पो ट्रॅव्हलरनं वर डोंगरात. संघपालांनी जन्मात कधी झाडाच्या शेंड्याकडे पाहिलं नव्हतं. त्यांनी मेहुण्याची दुर्बीण आणली होती आणि शोलाकिळीचा फोटो मोबाइलच्या पडद्यावर लावला होता, जिथे आधी नातू होता. वाटेत दिसेल त्या पक्ष्याला ते फोटोशी ताडून बघत. साळुंकीला ताडलं. कोंबडीला नाही, पण थोडा वेळ लागला.

"भाऊ काय तयारीत आलेत," यमुताई म्हणाल्या. यमुताई म्हणजे नागपूरच्या महाल भागातल्या निवृत्त मुख्याध्यापिका, मंडळातल्या सगळ्यात वडील. त्यांना सगळं दिसायचं. कुणी नुसतं बोट केलं की "दिसला गं" म्हणायच्या. "नाहीतर आमचे हे. पक्षी म्हटलं की झोपायचे. नवरा असावा तर असा, माया."

"हो ना," माया म्हणाली.

मुरुगेसन नावाचा तिथला वाटाड्या त्यांना पहिल्या सकाळी शोलात घेऊन गेला. थंडी चांगली होती. नागपूरकरांनी कानटोप्या चढवल्या होत्या आणि इथली थंडी आपल्यासारखी कोरडी नाही, असं एकमेकांना सांगत होते. जंगलाच्या कडेला पायवाटेवर सगळे ओळीने उभे राहिले. मुरुगेसनने ओठांवर बोट ठेवलं. आत, काळोख्या झुडपात, जमिनीलगत एक बारीक शीळ वाजली.

माया ओळीत सगळ्यात मागे होती. तिला ती शीळ ओळखायला क्षण लागला नाही, कितीदा मोबाइलवर ऐकली होती. तिने खांद्यावरची पिशवी पुढे घेतली आणि चिवड्याचं पुडकं सोडायला लागली. प्लास्टिकचं पुडकं जंगलात किती बोलतं, हे ज्याने ऐकलं त्यालाच माहीत.

पुढची सगळी डोकी वळली.

"शुगर लागते," माया पुटपुटली. तिला शुगर नव्हती.

शीळ थांबली. एक पान हललं.

"दिसली गं," यमुताई म्हणाल्या.

"शेपटी होती. नक्की शेपटी," डॉक्टर सौरव म्हणाले.

संघपाल दुर्बीण डोळ्यांत खुपसून उभे होते. त्यांनी हळू आवाजात विचारलं, म्हणजे समोरच्या टेकडीवर ऐकू गेलं असेल, "पाह्यली का वं?"

"पान होतं ते."

"मले बी पानच वाटलं," संघपाल म्हणाले आणि खट्टू झाले. मग तिच्याजवळ येऊन म्हणाले, "तू काहून मागं उभी राहून राहिली? पुढं ये ना. तुह्यासाठीच आलो ना आपण."

त्या दिवशी त्यांनी तिला प्रत्येक ठिकाणी हाताला धरून पुढे उभं केलं. ती बुटाची नाडी बांधायला वाकली, तिला शिंक आली, तिला टेकडीवरून दिसणारा चहाचा मळा फार आवडला आणि तो पाठमोरं होऊनच बघावा लागत होता. संध्याकाळपर्यंत मंडळाला त्या डोंगरांवरचे इतर सात-आठ पक्षी दिसले, जे कुठेच दुसरीकडे नसतात. मायाने ते डोळाभर पाहिले, कारण त्यांच्याबद्दल करार नव्हता. संघपालांनी एकाकडेही नीट पाहिलं नाही. ते म्हणाले, "हे आपल्या कामाचे नाहीत."

दुसऱ्या दिवशी, शेवटच्या सकाळी, पुन्हा त्याच शोलाकडे निघाले असताना मुरुगेसनचा फोन वाजला. तो दोन वाक्यं ऐकून उभाच राहिला, चालत्या गाडीत. ड्रायव्हरला त्याच्या भाषेत काहीतरी सांगितलं आणि गाडी वळली.

"शोलाकिळी तं तिकडे हाये ना?" संघपालांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं.

"सर, रेअर बर्ड, सर. व्हेरी रेअर," मुरुगेसन म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "शोलाकिळी रोज आहे, सर. हा बारा-पंधरा वर्षांत इथे आला नाही."

डॉक्टर सौरवांनी कॅमेऱ्याची लांब नळी बाहेर काढली. यमुताईंनी आत्ताच "दिसला" म्हणायची तयारी केली. संघपाल सोडून सगळे हरखले.

चहाच्या मळ्यात मजुरांच्या खोल्यांची एक चाळ होती. तिच्यासमोर तीसेक माणसं जमलेली. कुणी कोट्टयमहून आलेलं, कुणी कोचीहून रातोरात गाडी हाकत. तोफांसारखे कॅमेरे सगळे एका पत्र्याच्या छपरावर रोखलेले, आणि कुणी श्वासही जोरात घेत नव्हतं. मंडळ पाय न वाजवता मागे जाऊन उभं राहिलं. संघपालांनीही दुर्बीण लावली.

छपराच्या टोकावर एक काळपट पक्षी बसला होता. पोट आणि शेपूट विटकरी. तो एकदा वाकला आणि शेपूट थरथर हलवली.

"हा तं आपल्या टाकीवरचा हाये," संघपाल म्हणाले.

कळमन्यात तयार झालेला आवाज. तीस माणसं वळली. पक्षी मात्र हलला नाही. त्याला बहुधा ओळखीचं वाटलं असावं.

तो थिरथिरा होता. थंडीत नागपूरच्या गच्च्यांवर, कुंपणांवर, पडक्या भिंतींवर हवे तितके दिसतात. इतका दक्षिणेला मात्र तो सहसा येत नाही. एक चुकून आला होता आणि त्याच्यासाठी अर्धं केरळ लोटलं होतं. मंडळातल्या कुणाला हसू आवरेना. डॉक्टर सौरवांनी कॅमेऱ्याची नळी पुन्हा पिशवीत घातली.

कोट्टयमच्या एका मुलीने, गळ्यात तोफ सांभाळत, संघपालांजवळ येऊन हळूच विचारलं, "अंकल, आपके यहाँ... घर पे?"

"टाकी पे बैठता ना अपने यहाँ," संघपाल म्हणाले. "रोज."

"रोज?"

मुलीने मागे वळून आपल्या लोकांना सांगितलं. पाच-सहा जण सरकत आले. नागपूरहून आलेल्या या कानटोपीवाल्या माणसाच्या पाण्याच्या टाकीवर हा रोज बसतो. केव्हा येतो? किती दिवस राहतो? नर की मादी? खातो काय? संघपालांकडे आयुष्यात कुणी इतक्या आदराने पाहिलं नव्हतं, तुरीचा भाव चढलेला असतानासुद्धा नाही. त्यांनी मायाकडे मान वळवली.

"ऑक्टोबरात येतो," माया त्यांच्या खांद्यामागून पुटपुटली.

"अक्टूबर में आता है," संघपालांनी पुकारलं.

"नर आहे. मार्चपर्यंत राहतो. किडे, मुंग्या."

"नर है. मार्च तक का मुक्काम. किडा-मुंगी सब चलता उसको." मग त्यांना एवढ्यावर थांबवेना. "सुबह उजाला हुआ की टाकी पे आके आवाज देता. उसके बिना मेरी नींद नहीं खुलती."

संघपालांची झोप आठला उघडते. एक म्हातारा गृहस्थ त्यांचा हात हातात घेऊन काहीतरी विचारत होता आणि संघपाल, ज्यांना ती भाषा येत नव्हती, मान हलवून होकार देत होते. आता त्यांना पुरवण्यासारखं तिच्याकडे काही उरलं नव्हतं. ते स्वतःच पुरवत होते. ती मागे सरली आणि चाळीच्या बाजूने पुढे चालत गेली.

चाळीच्या मागे भांडी घासायची मोरी होती. तिथलं पाणी एका नालीने खाली जायचं, जिथे शोलाची एक जीभ वर चढून आली होती. ओला पालापाचोळा, खरकट्या भाताची चार शितं, एक फुटकी बादली.

बादलीच्या काठावर शोलाकिळी बसली होती.

मायाने दुर्बीण उचलली नाही. उचलायची गरज नव्हती; बाई शेजारणीशी बोलायला उभी राहते तेवढ्या अंतरावर ती होती. अंग ओल्या पाटीसारखं निळं. कपाळावर पांढरी भिवई, पोट पांढरं. ती खाली उतरली, एक शीत उचलून टाकलं, आवडलं नसावं. मग पाचोळा उलटून एक अळी काढली. आणि मान वाकडी करून तिने मायाकडे पाहिलं. डोळा काळा, गोल, ओला. त्यात चकाकणारा ठिपका होता तो आभाळाचा असावा. किंवा मायाच्या पांढऱ्या स्वेटरचा.

समोर ओरडून सांगावं अशी गोष्ट आणि सांगायला जगात कुणी नाही, असं झालं. तिचे डोळे भरून आले आणि तिला त्याचाही राग आला, कारण नीट दिसेना.

"माया. कुठं हाये वं?"

बादलीचा काठ रिकामा झाला. संघपाल कोपऱ्यावरून आले ते अजून हसतच. "फोटो काढून राहिले ते माह्यासोबत. तू काय पाहून राहिली इथं?"

"काही नाही," माया म्हणाली. "नळ गळून राहिला होता."

संघपालांनी मोरीकडे पाहिलं आणि खरोखरच जाऊन नळ घट्ट केला.

उन्हं वर आल्यावर, परतायच्या आधी एकदा म्हणून, सगळे पुन्हा शोलाच्या पायवाटेवर जाऊन उभे राहिले. माया या वेळी सगळ्यात पुढे होती. चिवडा गाडीतच ठेवला होता. आता भीती कसली? बराच वेळ काही नाही. मग झुडपात एक काडी हलली.

"दिसली," यमुताई म्हणाल्या. "पांढरं पोट."

"मलाही वाटलं," डॉक्टर म्हणाले. मग मागच्या दोघांनाही वाटलं. गाडीची वेळ झाली होती, भूक लागली होती. मुरुगेसनने घड्याळ बघितलं आणि त्यालाही वाटलं.

यमुताई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "भाऊ, झालं तुमचं काम. मायालाही दिसली असं धरा. इतक्या लांबून आलो आपण, रिकाम्या हाताने काय परतायचं?"

संघपालांच्या हातात आयताच करार आला होता. साक्षीदारही भरपूर होते. ते मायाकडे वळले.

"पाह्यली का वं तू?"

"आत्ता?" माया म्हणाली. "आत्ता नाही."

"मंग नाही," संघपाल यमुताईंना म्हणाले. "डोळा दिसला पाह्यजे, ताई. नियम हाये तिचा. असं कसं धरता?"

डॉक्टर सौरवांनी बुटाकडे पाहिलं. त्यांना गरुड आठवला असावा. माया झुडपाकडेच बघत राहिली. मंडळात आजवर तिने कितीतरी लोकांचे न दिसलेले पक्षी खोडले होते. दिसलेला पक्षी खोडणारी तीच पहिली, आणि तिच्या वतीने प्रामाणिकपणे भांडत होता तो हा माणूस.

परतीच्या गाडीत संघपाल खिडकीशी बसले. दर थोड्या वेळाने ते काहीतरी ओळखत होते. तारेवरचा कोतवाल बरोबर ओळखला. बगळ्याला बगळा म्हणाले आणि मायाकडे पाहिलं.

"मले एक सांग," तेलंगणातल्या कुठल्याशा स्टेशनावर गाडी रेंगाळली तेव्हा ते म्हणाले. "दिसली असती तं खरंच बंद केलं असतं का वं तू?"

"करार होता ना."

"हो, पण मी कुठं करू देत होतो बंद? म्या म्हटलं, चार दिवस घरी राह्यशील. मंग तूच कुरकुर करशील. मंग मी म्हणीन, जाय बापा." त्यांनी समोरच्या मालगाडीकडे पाहिलं. "सकाळी घर भल्लं मोठं लागते."

म्हणजे तिने नाडी उगीच बांधली. शिंका उगीच दिल्या. आता सांगून टाकायला काहीच हरकत नव्हती. बादली, शितं, पांढरी भिवई, सगळं तिच्या ओठांशी आलं.

"म्हून म्या मुरुगेसनले सांगून ठेवलं," संघपाल म्हणाले. "पुढच्या जानेवारीत पुन्हा येतो. तुह्या शोलाकिळीले पाह्यल्याशिवाय सोडत नाही. तेव्हापर्यंत माही बी जरा प्रॅक्टिस झाली पाह्यजे. सोमवारपासून मी येतो तलावावर."

पाण्याकाठची ती दोन तासांची शांतता मायाने मनातल्या मनात एकदा नीट पाहून घेतली.

"तिथं बोलायचं नसते," ती शेवटी म्हणाली.

"बिलकूल नाही," संघपाल म्हणाले, तेव्हा वरच्या बर्थवरचं एक बाळ दचकून उठलं.

चंद्रपूरला एक सोयाबीनचा व्यापारी चढला आणि त्यांच्यासमोर बसला. त्याने फक्त कुठून आले एवढंच विचारलं होतं. भांदक येईपर्यंत त्याला थिरथिऱ्याचं सगळं माहीत झालं. तो ऑक्टोबरात येतो, शेपूट कशी हलवतो, केरळातले लोक त्याच्यापायी कसे वेडे झाले आणि तो रोज पहाटे कुणाला उठवतो. वरोरा गेलं. व्यापारी भला माणूस होता, ऐकत होता. मधेच त्याने मायाकडे पाहून विचारलं, "ताई, तुमाले बी शौक हाये का पक्ष्यांचा?"

"तिले?" संघपालांनीच उत्तर दिलं. "तिच्यामुळंच तं गेलो होतो. पण तिचा जो मेन होता ना, तोच राहून गेला बिचारीचा."

व्यापाऱ्याने चुकचुकून मान हलवली. "काहीच नाही दिसलं?"

"नाही," माया म्हणाली. "थोडक्यात राहिलं."